शोभेच्या पट्टीची शिस्त

दसरा आणि पाडव्याला गाडी घरी आणण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. पूजा होते, हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि दोन-चार दिवसांत गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी राहते. पुण्याची नाना पेठ असो, मुंबईचे कुर्ला असो की दिल्लीचे करोल बाग, मागणी ठरलेली असते: सीट कव्हर, मॅट, मागचा कॅमेरा, आणि डॅशबोर्डवर काहीतरी ‘रिच लुक’ देणारे. या शेवटच्या मागणीला बाजारात वुडन किट किंवा डॅश किट म्हणतात. अक्रोडाच्या लाकडासारखी दिसणारी, कार्बन फायबरची वीण दाखवणारी किंवा चकचकीत पियानो ब्लॅक रंगाची तयार कापलेली पट्ट्यांची जोडणी म्हणजे हे किट. मागचा कागद सोलायचा, डॅशबोर्डवर दाबायचे, एसीच्या जाळ्यांभोवती आणि गिअरच्या कन्सोलवर बसवायचे, की तासाभरात काम संपते. इतक्या सोप्या कामावर दीर्घ लेख कशाला, असे कोणालाही वाटेल. पण हे काम सोपे मानले जाते, आणि म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहायला हवे. डॅशबोर्डवर चिकटवलेली पट्टी चिकटवल्या क्षणापासून गाडीचा भाग होते. गाडीच्या इतर प्रत्येक भागाला जी शिस्त लागू आहे, ती या पट्टीलाही लागू व्हायला हवी. आपल्या बाजारात सध्या ती लागू होत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सजावटीची हौस उथळ नाही आणि नवीही नाही. मोटारीची पहिली शरीरे घोडागाड्या बनवणाऱ्या सुतारांच्या कारखान्यांत घडली, त्यामुळे आतले लाकूड मोटारीला वारशातच मिळाले. पोलादी शरीरे आल्यावर लाकडाची गरज संपली, पण त्याची ओढ संपली नाही. १९३० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी गाड्यांच्या पोलादी डॅशबोर्डवर लाकडाचे रेषाचित्र छापलेले असे. म्हणजे नकली लाकूड हा आजच्या स्वस्त बाजाराचा शोध नाही, त्याचे वय नव्वदीच्या घरात आहे. इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये आलेल्या जॅग्वार मार्क टू या गाडीचा अक्रोडी डॅशबोर्ड आजही जुन्या गाड्यांचे शौकीन डोळे भरून पाहतात. त्याच कंपनीने १९६१ च्या ई-टाइपमध्ये मात्र मधल्या भागावर नक्षीदार ॲल्युमिनियम बसवले. एकाच कारखान्याने दोन वर्षांच्या अंतराने लाकूड आणि धातू असे दोन वेगळे पोत वापरले, कारण घरगुती ऐटीच्या गाडीचा आणि शर्यतीच्या रक्ताच्या गाडीचा भाव वेगळा होता. माणूस रोज तास-दोन तास ज्या पृष्ठभागाकडे पाहत बसतो, तो त्याला आवडावा, ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून ‘कंपनीने दिले तेच ठेवा, वर काही लावूच नका’ हा उपदेश मला पटत नाही.

पण कारखाना जेव्हा तीच शोभा बनवतो तेव्हा तो काय करतो, हे पाहिले की आपल्या किटमध्ये काय राहून गेले आहे ते कळते. रोल्स-रॉइससारख्या गाडीत दिसणारे लाकूड हा कागदासारखा पातळ काप असतो. डाव्या-उजव्या बाजूंच्या रेषा आरशातल्या प्रतिमेसारख्या जुळाव्यात म्हणून हे काप एकाच ओंडक्यातून सलग काढले जातात. ते अनेक थरांत चिकटवले जातात आणि त्या थरांत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घातलेला असतो. अपघातात लाकडाच्या फाका उडून माणसाच्या अंगात घुसू नयेत, हे त्या पत्र्याचे काम. गिऱ्हाइकाला तो कधीही दिसत नाही आणि माहितीपत्रकातल्या चित्रातही त्याला जागा नसते, तरी तो नसता तर ते लाकूड गाडीत बसवण्याच्या लायकीचे ठरले नसते. शोभा वर दिसते आणि तिची जबाबदारी आतल्या थरात असते. दुकानातल्या किटमध्ये वरचा थर हुबेहूब उतरवलेला असतो, आतला थर नसतो.

ही जबाबदारी कारखान्यांनी आपखुशीने उचललेली नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. तोवर अपघाताची चर्चा ‘चालकाची चूक’ या दोन शब्दांत संपत असे. गाडी धडकल्यानंतर आतला माणूस गाडीच्याच कशावर आदळतो, हा दुसऱ्या धडकेचा प्रश्न त्या काळात ऐरणीवर आला. त्यातून आतल्या भागांसाठी नियम तयार झाले. डोके आदळू शकेल अशा पट्ट्यावर सुमारे ६.८ किलो वजनाचा, डोक्याच्या आकाराचा गोळा ताशी २४ किलोमीटर वेगाने आदळवतात. त्या गोळ्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ८० पटींच्या वर सलग ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त काळ राहता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत या विषयाचा २१ वा नियम आहे. डोके आदळू शकणाऱ्या भागातल्या कठीण कडांना किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी, असे तो सांगतो. डॅशबोर्ड मऊ का लागतो, त्याचे कोपरे वळलेले का असतात, बटणे आत बुडालेली का असतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. आता अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या, साच्यातून कापलेल्या धातूच्या पट्टीची कड कल्पनेत आणा. कारखान्याने काळजीपूर्वक गोल केलेल्या पृष्ठभागावर आपण पैसे देऊन धार बसवून घेतो.

एअरबॅगचा मुद्दा याहून गंभीर आहे. भारतात चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासमोरची नव्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. म्हणजे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या जवळपास प्रत्येक गाडीत डाव्या बाजूच्या डॅशबोर्डखाली घडी घातलेली पिशवी आहे. धडक झाल्यावर ती डोळ्याची पापणी मिटायच्या आत, सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. तिला बाहेर पडायला दार लागते. पूर्वी त्या दाराची रेघ डॅशबोर्डवर दिसत असे. आता अनेक गाड्यांत आतल्या बाजूने लेझरने खाच पाडून प्लास्टिक ठरावीक रेषेवर कमजोर केलेले असते आणि वरून पृष्ठभाग सलग दिसतो. फक्त कोपऱ्यात ‘एअरबॅग’ ही अक्षरे असतात. सजावट करणाऱ्याला ती सलग, मोकळी, मोठी जागा पट्टी लावायला सर्वांत आकर्षक वाटते. त्या जागेवर कडक तुकडा चिकटवला की दोन धोके एकदम उभे राहतात. दार ठरल्या रेषेवर न फाटता आडवेतिडवे फाटू शकते, किंवा तो तुकडाच पिशवीच्या वेगाने समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊ शकतो.

ही केवळ शक्यता नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२३ मध्ये ग्राहकांना जाहीर इशारा दिला. स्टिअरिंगच्या मधोमध, कंपनीच्या चिन्हावर लावायच्या खड्यांच्या आणि धातूच्या सजावटी चकत्या बाजारात मिळतात, त्या विकत घेऊ नका आणि लावल्या असतील तर काढून टाका, असे त्यात म्हटले होते. एका अपघातात एअरबॅग उघडताना अशी चकती निखळली आणि चालकाच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. ज्या उपकरणाने जीव वाचवायचा, त्याच्याच जोराने सजावटीचा तुकडा उडाला. आपल्याकडेही अशा चकत्या सहज मिळतात. वास्तविक एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका, हे गाडीसोबत मिळणाऱ्या मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून असते आणि पट्टी बरोबर त्याच्या वरच्या बाजूला लावली जाते.

दुसरा प्रश्न पट्टी टिकण्याचा आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरले होते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा आकडा परका वाटणार नाही. या तापमानात प्लास्टिक वाढते. एबीएस प्लास्टिकची ६० सेंटिमीटर लांबीची पट्टी २० अंशांवरून ७० अंशांवर गेली की साधारण २ ते २.५ मिलिमीटरने लांबते, ॲल्युमिनियमची तेवढीच पट्टी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. खालचा डॅशबोर्डही वाढतो, पण स्वतःच्या वेगळ्या प्रमाणात. रोज दुपारी वाढायचे आणि रोज रात्री आखडायचे, या ओढाताणीचा सगळा भार मधल्या डबल टेपवर येतो. चांगला ॲक्रिलिक फोमचा टेप थोडा जाड आणि लवचिक असतो, तो ही ओढ अंगावर घेतो. स्वस्त टेपचा गोंद उन्हात मऊ पडतो, कोपरे उचलतात, फटीत धूळ जाते आणि खडखड सुरू होते. मग सुटलेल्या कडेवर फेव्हिक्विकसारखा गोंद ओतला जातो. त्याने पट्टी बसते खरी, पण पुढे काढताना डॅशबोर्डचा वरचा थरही घेऊन येते.

यात खालच्या पृष्ठभागाचाही वाटा मोठा आहे. बहुतेक डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असतात, आणि हे प्लास्टिक गोंदाला सहज धरून ठेवत नाही. त्यात शोरूममधून बाहेर पडताना त्यावर सिलिकॉनचे चकचकीत पॉलिश मारलेले असते. त्या तेलकट थरावर जगातला उत्तम टेपही चिकटत नाही. जुन्या भिंतीवरचा चुना न खरवडता रंग दिला तर तो पोपडे धरून उतरतो, तसेच इथे होते. म्हणून जाणकार फिटर आधी साबणपाण्याने आणि मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसतो, गरज असेल तिथे चिकटपणा वाढवणारा प्रायमर लावतो. ॲसिटोनला तो हात लावत नाही, कारण एबीएस प्लास्टिक त्यात विरघळते. थिनरचाही भरवसा धरत नाही. पट्टी सोलण्याआधी ती कोरडीच ठेवून सगळीकडे बसते का ते पाहतो. टेप लावताना पृष्ठभाग २० अंशांच्या वर असावा, पण उन्हात तापून पोळत नसावा. चिकटवल्यावर नुसता हात फिरवून भागत नाही, दाब द्यावा लागतो. अशा टेपची पकड पहिल्या वीस मिनिटांत निम्म्यापर्यंतच पोहोचते आणि पूर्ण व्हायला तीन दिवस लागतात. ‘तासाभरात घेऊन जा’ आणि संध्याकाळी धुलाई केंद्रावर नेऊन डॅशबोर्ड पुसून घ्या, हा क्रम या गणिताच्या थेट विरुद्ध आहे.

नजरेच्या आणि हाताच्या सोयीचा विचारही इथेच करायला हवा. डॅशबोर्डचा वरचा भाग कारखाना गडद आणि निस्तेज ठेवतो, त्यामागे काटकसर नसते. वरचा पृष्ठभाग चकचकीत झाला की त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि रस्त्यावरचा माणूस त्या धूसर पडद्याआड जातो. दुपारच्या उन्हात क्रोमची पट्टी चालकाच्या डोळ्यात सरळ तिरीप मारते. घाटात बोगद्यातून बाहेर पडताना अर्धा क्षण डोळे दिपणे म्हणजे काय, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. एसीच्या जाळीभोवतीची रिंग पंखांना अडवते, तर कन्सोलवरचा जाड तुकडा धोक्याच्या इशाऱ्याच्या बटणाला इतके आत ढकलतो की ते अंधारात बोटाला सापडत नाही. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ आहे. पण अपघाताच्या क्षणी माणसाकडे असतो तो फक्त एखादा सेकंद, आणि त्या सेकंदात या सगळ्या किरकोळ गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: एवढ्याशा पट्टीने काय होणार? आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत, उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर आहेत, बेल्ट न लावणारे आहेत, ते सोडून शोभेच्या पट्टीच्या मागे का लागायचे? केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर गेली. त्यांतली किती पट्टीमुळे गेली, असे कोणी विचारले तर मी एकही दाखवू शकत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. खड्डा बुजवणे माझ्या हातात नाही, समोरचा चालक माझ्या हातात नाही. माझ्या गाडीत काय चिकटवायचे ते मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे. मोठे धोके आहेत म्हणून छोटा धोका पैसे देऊन विकत घ्यावा, हा हिशेब कुठल्याही बाजूने जुळत नाही. शिवाय हा धोका टाळायला शोभा सोडावी लागत नाही, फक्त जागा आणि वस्तू नीट निवडावी लागते.

दुसरा आक्षेप फिटरच्या बाजूने येतो आणि त्यात तथ्य आहे. या दुकानांतली पोरे वर्षानुवर्षे हेच काम करत आहेत. कुठल्या गाडीचे पॅनल कुठल्या क्लिपवर बसते, हे त्यांच्या बोटांना पाठ असते. हीट गनने विनाइल ताणून दुहेरी वळणावर सुरकुती न पडता बसवणे ही खरी कारागिरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण अनुभव त्याच गोष्टींचा येतो ज्यांचा परिणाम डोळ्यांसमोर घडतो. सुटलेला कोपरा परत दुकानात येतो, त्यातून फिटर शिकतो. न उघडलेली किंवा वेडीवाकडी उघडलेली एअरबॅग त्याच्या दुकानात कधीच परत येत नाही. ते शिक्षण त्याला बाहेरूनच मिळायला हवे. पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. पॅनल काढायचे असेल तर आधी बॅटरी तोडून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचे. कटर थेट डॅशबोर्डवर चालवायचा नाही. या तीन-चार गोष्टी एका दुपारी शिकवता येतात. ज्या पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे आणि ज्याच्या आसपास पिंपरी-चिंचवड व चाकणचे एवढे कारखाने आहेत, तिथल्या आयटीआयमध्ये ॲक्सेसरीज फिटिंगचा छोटा अभ्यासक्रम सुरू करणे अवघड नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. गाडी कारखान्यातून एकसारखी येते, ती माझी होते ती सजावटीने. हे खरे आहे, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका त्याचा चांगला पुरावा दुसरा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा लोकांना हळहळ वाटली ती तिच्या इंजिनाबद्दल कमी आणि तिच्या आतल्या फुलाफुलांच्या छताबद्दल, समोरच्या देवाबद्दल, रंगीत दिव्यांबद्दल जास्त. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी याच टॅक्सींची छते आणि आसने आपल्या चित्रांच्या कापडाने मढवली. त्या सजावटीकडे नीट पाहिले तर ती बहुतेक कापडाची आणि मऊ होती आणि छतावर, आसनांवर होती. शिवाय ज्या गाडीत ती होती त्या गाडीत एअरबॅग नव्हती. गाडी बदलली तशी सजावटीची जागाही बदलायला हवी. हौस तीच ठेवून आजच्या आसनाच्या कडेला बसवलेली एअरबॅग मोकळी सोडणारे कव्हर शिवणे, हा त्याच परंपरेचा आजचा शहाणा अवतार आहे.

कायदा या बाबतीत आपली सुटका करत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत असा बदल करायला मनाई करते, ज्याने नोंदणी पुस्तकातली माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आणली. बंपरपुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर २०१७ च्या अखेरीस केंद्राने याच कलमाच्या आधारे बोट ठेवले होते. पण नोंदणी पुस्तकात डॅशबोर्डच्या नक्षीची नोंद नसते, त्यामुळे शोभेची पट्टी सहसा या जाळ्यात येत नाही. तिच्यासाठी बंदी मागावी असे मला वाटत नाही. बंदीने बाजार मागच्या गल्लीत जातो. विकणाऱ्याने पाकिटावर तीन गोष्टी छापणे एवढी सक्ती पुरेशी आहे: वस्तू कशाची बनली आहे, आग लागल्यास ती किती वेगाने जळते, आणि ती गाडीच्या कोणत्या भागावर लावू नये. कारखान्यातून येणाऱ्या आतल्या साहित्याला ज्वलनाची चाचणी आहेच, नंतर चिकटवलेल्या साहित्याला ती नसावी याला काहीच कारण नाही.

निर्णय शेवटी गिऱ्हाइकाचाच आहे आणि तो कठीण नाही. कडक पट्टीपेक्षा पातळ विनाइल फिल्म निवडा, कारण तिला धार नसते आणि गरम करून ती काढता येते. चकाकीपेक्षा मॅट पोत घ्या. दाराच्या पॅनलवरची शोभेची पट्टी, गिअरच्या कन्सोलचा सपाट भाग, डॅशबोर्डची मधली आडवी पट्टी या जागा बहुतेक गाड्यांत मोकळ्या असतात, तिथे हौस करा. मात्र त्या जागेमागे एअरबॅग नाही याची खात्री पुस्तिकेतल्या आकृतीवरून आधी करून घ्या. स्टिअरिंगचा मध्य, डाव्या बाजूची ‘एअरबॅग’ अक्षरांभोवतीची सगळी जागा, चालकाच्या गुडघ्यासमोरचा भाग, समोरच्या काचेच्या बाजूचे दोन्ही खांब आणि डॅशबोर्डचा वरचा माथा यांवर काहीही लावू नका. तुमच्याच कंपनीचा मूळ ट्रिम तुकडा वरच्या मॉडेलसाठी मिळत असेल आणि तुमच्या गाडीत बसत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या, कारण तो चाचणीतून गेलेला असतो. आणि या दिवाळीत दुकानात गाडी लावाल तेव्हा पावतीवर वस्तूचा प्रकार, टेपचे नाव आणि लावण्याची जागा या तीन गोष्टी लिहून मागा. जो दुकानदार त्या लिहून देईल त्याच्याकडून काम करून घ्या, जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.